शून्य म्हणजे दहा ठोके

पंचवटीतला आमचा वाडा मागच्या वर्षी पाडला. आता तिथे पत्रे ठोकलेत आणि आत जेसीबी उभा आहे. पाडायच्या आधी वाडामालकांच्या मुलाने जुन्या बिऱ्हाडकरूंना फोन करून विचारलं, आठवण म्हणून कुणाला काही हवंय का. कुणी दिंडी दरवाजाची पितळी कडी नेली, कुणी पाट नेले, एकाने तर अख्खा झोपाळा टेम्पोत घालून नेला. मी काकूंचा काळा फोन मागितला. तो म्हणाला, "ताई, तो बंद आहे हो." म्हटलं, असू दे.

फोन आयटीआयचा, बंगलोरचा. वजन असं की पायावर पडला तर नख जाईल. डायलवरचे आकडे अर्धे पुसलेले, आणि पहिल्याच भोकात ते कुलूप अजून तसंच! माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. किल्ली अर्थातच नाही.

माझं निम्मं आयुष्य टेलिफोनच्या दोन तारांमध्ये गेलं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये ईपीएबीएक्स (म्हणजे कंपनीचं आतलं छोटं एक्स्चेंज) बसवले, फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारे मोडेम लावून दिले, पावसाळ्यात जॉइंट कुजले की ते शोधत फिरले. पण नंबर फिरवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला कुठल्या कोर्समध्ये कळलं नाही. ते या कुलपामुळे कळलं, आणि त्यासाठी काकूंची बोलणी खावी लागली.

वाड्यात फोन एकच, तळमजल्यावर मालकांकडे. काकांचा द्राक्षांचा व्यवहार, त्यामुळे मुंबईच्या मार्केटचे फोन पहाटेपासून. बिऱ्हाडकरूंना फोन आला तर काकू अंगणातून हाक मारायच्या, पण करायचा असेल तर पैसे ठेवायचे आणि काकू कुलूप काढून देणार. पोरांना तर तेही नाही. पहिल्या भोकात कुलूप म्हणजे तबकडी फिरवली की कुलूप लगेच अडणीला, म्हणजे बोट अडवणाऱ्या पट्टीला, लागतं. पुढे फिरतच नाही.

मला तेव्हा माझ्या मैत्रिणीशी रोज बोलायचं असायचं. ती कॉलेज रोडला राहायची, सकाळीच शाळेत भेटायची, तरी संध्याकाळी बोलायचंच असायचं. वरच्या मजल्यावरचा एक दादा पॉलिटेक्निकला होता. त्याने एकदा सहज सांगितलं, "डायल कशाला पाहिजे? रिसीव्हर ठेवतो ना, ती बटणं दाब पटापट. पाचला पाच वेळा. शून्याला दहा वेळा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण विचार केला तर यात जादू काहीच नाही. एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट आपल्या दाराशी येऊन थांबलेले असतात. रिसीव्हर उचलला की फोनमधून वर्तुळ पुरं होतं आणि थोडा करंट वाहायला लागतो. एक्स्चेंजला एवढंच कळतं की या घरी कुणीतरी रिसीव्हर उचललाय. ते डायल टोन देतं. आता डायल काय करते? तोच करंट तोडते आणि जोडते. एक फिरवला तर एकदा, सात फिरवला तर सातदा. शून्याला शून्य वेळा तोडून चालणार नाही, म्हणून दहा वेळा. सेकंदाला दहा ठोके हा वेग, आणि प्रत्येक ठोक्यात साधारण दोन तृतीयांश वेळ तार तुटलेली, एक तृतीयांश जोडलेली. याहून बराच जास्त वेळ तुटलेली राहिली तर एक्स्चेंज समजतं, यांनी फोन ठेवला.

म्हणजे डायल फिरवणं हे खरं तर फार घाईघाईने फोन ठेवणं आणि उचलणं. रिसीव्हरखालची बटणं नेमकं हेच करतात. फक्त डायलला ते एका लयीत जमतं, आणि माणसाला सेकंदाला दहाच्या वेगाने बोट हलवायला सराव लागतो. मी सराव केला. गणिताच्या वहीवर, बाकावर, चालता चालता मांडीवर.

मैत्रिणीच्या नंबरात दोन शून्यं होती. हे माझं नशीब.

एका दुपारी काकू आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, काका पिंपळगावला गेलेले. मी ओसरीवर बसून फोन मांडीवर घेतला आणि सुरू केलं. टक-टक-टक. थांबले. टक-टक-टक-टक-टक. दोन आकड्यांच्या मधे थोडा वेळ थांबावं लागतं, नाहीतर तीन आणि दोनचा पाच होतो. हे दादाने सांगितलं नव्हतं, मीच दोनदा चुकून शिकले. शेवटचं शून्य संपवलं, कानाला लावला. पलीकडे घंटी गेली आणि कुणा भलत्याच आजोबांनी "हॅलो" म्हटलं. मी घाबरून फोन ठेवला.

मागे वळून बघते तर उंबऱ्यात काकू.

"शेवटचं शून्य नऊच झालं गं तुझं," काकू म्हणाल्या.

मला काही सुचेना. यांना कसं कळलं? त्या तर आत झोपलेल्या! तेव्हा कळलं नाही ते नंतर कळलं. आतल्या खोलीत, काकांच्या उशाशी, त्याच लाईनवर जोडलेला दुसरा फोन होता. एका फोनवर करंट तुटला-जोडला की लाईनचं व्होल्टेज दर वेळी खाली-वर उडी मारतं. दुसऱ्या फोनची घंटी त्याच दोन तारांवर, मधे एक कपॅसिटर ठेवून जोडलेली असते. त्या उडीचा धक्का कपॅसिटरमधून कॉइलला बसतो आणि हातोडी घंटीला हलकेच शिवते. टिंग. एका ठोक्याला एक टिंग. काकू वर्षानुवर्षं आतल्या खोलीत पडून, ओसरीवर कोण कुठला नंबर फिरवतंय ते ऐकत होत्या. काकांनी कुठल्या व्यापाऱ्याला फोन लावला हे त्या पोळ्या लाटताना सांगायच्या, आणि आम्हाला वाटायचं काय यांची स्मरणशक्ती!

मार नाही बसला. पण आईला सांगितलं, आणि आईने जे बोलायचं ते बोलून घेतलं.

पुढे वाचनात आलं की मी केलं ती चोरी नव्हती, मूळ पद्धतच तशी होती. आल्मन स्ट्रोजर नावाचा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा माणूस, धंदा अंत्यविधीचा. गावातल्या टेलिफोन ऑपरेटरची नातलग मंडळी त्याच धंद्यात होती आणि ती गिऱ्हाइकांचे फोन तिकडे वळवायची, म्हणून चिडून त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं, असं सांगतात. गोष्ट मीठमसाला लावलेली असू शकते. पेटंट मात्र १८९१चं खरं, आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात त्याचं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज चालू झालं. त्या सुरुवातीच्या फोनना तबकडी नव्हती. बटणं होती आणि ती हव्या त्या आकड्याएवढ्या वेळा दाबायची! तबकडी काही वर्षांनी आली, मोजायची कटकट आपल्याकडून काढून घ्यायला. पुढच्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये आपल्या ठोक्यांनी खरोखरची यंत्रं हलायची. सहा ठोके आले की एक दांडा खटाखट सहा पायऱ्या वर चढायचा, पुढच्या आकड्याला आडवा फिरायचा. आपलं बोट घरात, हालचाल एक्स्चेंजमध्ये.

आणि शून्याला दहा हा काही निसर्गनियम नाही. स्वीडनने शून्याला एक ठोका ठेवला, एकाला दोन, असं पुढे. न्यूझीलंडची तबकडी तर उलटीच. तिथे एक फिरवला की नऊ ठोके जायचे. म्हणून ब्रिटनचा तातडीचा नंबर ९९९ आणि तिकडचा १११. एक्स्चेंजच्या हिशेबाने दोन्ही सारखेच.

आता मोडेमची गोष्ट, कारण तिथे हे ठोके मला परत भेटले. १९९९च्या आसपास मी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात होते. इंटरनेट घ्यायचं म्हणजे १७२ने सुरू होणारा नंबर मोडेमने फिरवायचा. द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका शेठना पिंपळगाव बसवंतला मोडेम लावून द्यायचं काम आलं. परदेशी गिऱ्हाइकांचे फॅक्स महाग पडतात, ईमेल पाहिजे. गेले. मोडेम जोडला, विंडोज ९८, कनेक्ट दाबलं. मोडेम म्हणतं, डायल टोनच नाही. फोन उचलून ऐकला तर टोन खणखणीत.

हे मला माहीत होतं. आपली डायल टोन ४०० हर्ट्झची, तीही २५ हर्ट्झने थरथरणारी. अमेरिकेतली ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांची, सरळ. मोडेम तिकडच्या टोनवर कान लावून बसलेलं, त्याला आपली ओळखूच येत नव्हती. त्यावर उपाय एटीएक्स३ ही आज्ञा. टोनची वाट बघू नकोस, सरळ फिरव. मोडेमच्या या 'एटी' आज्ञा हेज कंपनीच्या १९८१च्या स्मार्टमोडेमपासूनच्या. डी म्हणजे फिरव. त्यापुढे टी लावला तर टोनने, म्हणजे सुरांनी, पी लावला तर पल्सने, म्हणजे ठोक्यांनी. मधे स्वल्पविराम टाकला तर दोन सेकंद दम खा. कंपन्यांमध्ये ईपीएबीएक्समधून बाहेरची लाईन घ्यायला शून्य, मग स्वल्पविराम, मग नंबर. नवीन पोरं स्वल्पविराम विसरायची आणि मग मला फोन.

तर एक्स३ दिलं, मोडेमने टोनमध्ये नंबर फिरवला, टिटीटी टिटीटी, आणि मागे डायल टोन तशीच चालू. एक्स्चेंजने ऐकलंच नव्हतं. त्या लाईनवर टोनची सोयच चालू नव्हती. मी टीच्या जागी पी टाकला. मोडेमच्या पोटातला रिले बोलायला लागला. टक. टक-टक-टक-टक-टक-टक-टक. टक-टक. डायल टोन पहिल्याच ठोक्याला तुटली. शेठ खुर्चीतून उठले. "ताई, मोडलं का हो ते?" मी म्हटलं, नाही शेठ, मोजतंय.

कनेक्ट झालं २८,८००ला. शेठना आनंद झाला, मला दोन पेट्या थॉमसन द्राक्षं मिळाली.

पल्स आणि टोनमधला खरा फरक वेगाचा नाही, जरी सगळे तोच सांगतात. ठोके मोजायचे असतात, सूर ओळखायचा असतो. बटणांच्या फोनवर प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर आहे: ६९७, ७७०, ८५२, ९४१ हर्ट्झ. प्रत्येक उभ्या रांगेला एक: १२०९, १३३६, १४७७. पाच दाबला की ७७० आणि १३३६ एकदम वाजतात. उभी चौथी रांगही आहे, १६३३ची. ए, बी, सी, डी अशी बटणं, जी अमेरिकेच्या लष्करी फोनवर असायची. आपल्याला ती कधी दिसली नाहीत. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीने हे फोन पहिल्यांदा १८ नोव्हेंबर १९६३ला पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत गिऱ्हाइकांना दिले. फुली (#) आणि चांदणी (*) नंतर, १९६८ला.

दोन सूर कशाला, एक का नाही? कारण त्याच तारेवरून आपण बोलतो. कुणी शीळ घातली, कुणाचं बाळ किंचाळलं, तर एक्स्चेंजला आकडा वाटायला नको. शीळ एका वेळी एकच सूर देते. आणि माणसाच्या आवाजात एका सुराच्या दुप्पट-तिप्पट पटीचे सूर मिसळलेले असतात, म्हणून हे आकडे मुद्दाम असे निवडले की कुठलाही दुसऱ्याच्या पटीत येत नाही. गाणाऱ्याला ते बेसूर वाटतात. माझी मुलगी गाणं शिकते. तिच्या बाईंना पाचचं बटण ऐकवलं तर त्यांनी चेहरा वाकडा केला.

आणि दुसरी गोष्ट, जी मामांमुळे लोकांना सांगायची सवय लागली. ठोके एक्स्चेंजलाच संपतात. पलीकडच्या माणसाला ते ठोके म्हणून पोहोचत नाहीत. सूर मात्र बोलण्यासारखेच शेवटपर्यंत जातात. मामांनी एकदा वैतागून फोन केला. बँकेचं मशीन म्हणतंय मराठीसाठी अमुक दाबा, मी दाबतोय, ते परत तेच म्हणतंय, बहिरं आहे का? मी नाशिक रोडला गेले, फोन उलटा केला. खाली बारीक घोडा, एका बाजूला पी, एका बाजूला टी. पेनच्या टोकाने टीवर सरकवला. मामी म्हणाल्या, "एवढ्यासाठी रिक्षाने आलीस?" चहा-पोहे झाले, म्हणून ठीक.

नंतर डिप्लोमाच्या पोरांचा काळ आला. मोबाइलने चालणारी गाडी हा प्रोजेक्ट दर वर्षी चार-पाच ग्रुप करायचे आणि अडले की दुकानात यायचे. गाडीवर एक मोबाइल बांधायचा, दुसऱ्याने त्यावर फोन करून बटणं दाबायची. गाडीवरची एमटी८८७० नावाची चिप सूर ओळखून चार तारांवर आकडा काढून देते. एक दाबला की ०००१, दोनला ००१०. एकदा एक पोरगी हटूनच बसली, "मॅडम, चिप खराब आहे. शून्य दाबलं की १०१० येतंय." १०१० म्हणजे दहा. मी तिला खुर्ची दिली आणि काकूंची गोष्ट सांगितली. तबकडी जाऊन जमाना झाला, पण चिपच्या लेखी शून्य म्हणजे दहाच. तिला गोष्ट आवडली की प्रोजेक्ट सुटल्याचं बरं वाटलं, माहीत नाही.

तर परत काळ्या फोनकडे.

घरी फायबर आहे. त्याच्या डब्याला मागे फोनची खाच असते, त्यात घातला. डायल टोन आली! मोबाइलवरून फोन लावला तर घंटी अशी वाजली की शेजारच्यांनी दार उघडलं. पण कुलूप काढून (करवतीने, माफ करा काकू) तबकडी फिरवली तर टोन हलेचना. काही डबे ठोके समजतात, माझा नाही समजत. त्याला सूरच पाहिजेत.

मग रविवार गेले. आधी तबकडी. आपण बोटाने फिरवतो तेव्हा काहीच होत नाही, फक्त स्प्रिंग ताणली जाते. ठोके पडतात ते तबकडी परत येताना, आणि तिचा वेग आत फिरणारा छोटा गव्हर्नर सांभाळतो, म्हणजे माणूस घाईत असो की निवांत, ठोके तेच. माझ्या तबकडीचं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. मोजलं तर सेकंदाला सातच ठोके. धुतली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला, दहाच्या जवळ आली.

मग डायलचे संपर्क लाईनमधून काढून एका छोट्या एटीटायनी८५ चिपला जोडले. चिपने ठोके मोजायचे, तीनशे मिलिसेकंद काही आलं नाही की आकडा पुरा झाला असं समजायचं आणि तो सूर लाईनवर वाजवायचा. पहिल्या दिवशी दोन फिरवला तर पाच जायचा. पितळी पट्ट्या एकमेकींवर आपटून थरथरतात आणि चिपला ती थरथरही ठोके वाटते. वीस मिलिसेकंदांपेक्षा लहान काही दिसलं तर दुर्लक्ष कर, असं तिला सांगितलं. दुसरा त्रास जास्त छळणारा: सात कधी जायचा, कधी नाही. सूर दीड टक्का इकडेतिकडे चालतो, साडेतीन टक्के सरकला तर समोरच्याने तो नाकारायचाच असतो. आणि चिपचं स्वतःचं घड्याळ दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतं. बाहेरून क्रिस्टल, म्हणजे अचूक घड्याळ, लावला. सात जायला लागला.

दहा आकडी मोबाइल नंबर फिरवायला वीसेक सेकंद लागतात. मधे भोक शोधत रेंगाळलं की डबा कंटाळून नंबर अपुरा असल्याचं सांगतो. त्यावर अजून काही केलं नाहीये.

गेल्या आठवड्यात काकूंना घरी आणलं. आता त्या इंदिरानगरला मुलाकडे असतात, गुडघे गेलेत, कान मात्र अजून तिखट. फोन समोर ठेवला. त्यांनी रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं, कुलपाबद्दल काही बोलल्या नाहीत. मुलाचा नंबर पाठ नव्हता, मीच एकेक आकडा सांगितला. त्या फिरवत होत्या आणि तबकडी परत येताना त्यांचे ओठ हलत होते. शून्याला तर स्पष्ट ऐकू आलं, "आठ, नऊ, दहा." मग रिसीव्हर कानाशी तसाच धरून आतल्या खोलीकडे बघितलं.

"दुसरा नाही का गं लावलास आत?"

म्हटलं, नाही काकू, एकच आहे.

"मग तू कुणाला लावतेस ते घरात कळायचं कसं?"